आबांच्या डोक्याचे सहा फोटो

११ जानेवारी २०२५, दुसरा शनिवार. शाळेला सुट्टी म्हणून मी आदल्या संध्याकाळी माहेरी, तासगावजवळच्या आमच्या गावी आले होते. द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरायचे दिवस होते आणि शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रपाळीला. आबा, म्हणजे माझे वडील, पहाटे सव्वापाचला चहा पिऊन मोटर बघायला मळ्यात गेले. सहाला दहा कमी असताना शेजारच्या बागेतला गडी पळत आला, "आबा पडल्यात, बोलाय येईना त्यास्नी."

मी पोचले तेव्हा ते मोटरच्या पेटीजवळ बसल्यासारखे कलंडले होते. तोंड डावीकडं ओढलेलं, उजवा हात लोंबत होता. मला बघून काहीतरी म्हणाले, त्यातला एकही शब्द कळला नाही. शेजाऱ्यांच्या गाडीतून तासगावला नेलं. बीपी २१०/११६. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, शेवटचं ठणठणीत कधी बघितलं? दुसरा, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? आबांची २०२१ मध्ये अँजिओप्लास्टी झालेली, त्यामुळे ॲस्पिरिन चालू होती. बीपीची गोळी मात्र "आता बरं वाटतंय" म्हणून दिवाळीनंतर त्यांनी आपल्या मनानं सोडली होती. हे आम्हाला त्या टेबलापाशी, आईच्या तोंडून कळलं.

"आजची ॲस्पिरिन देऊ नका," डॉक्टर म्हणाले. "गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही. दोन्हीची लक्षणं सारखी, उपचार उलटे. आधी डोक्याचा सीटी काढा, मग मिरज."

सांगलीतल्या एका स्कॅन सेंटरवर पोचलो तेव्हा टेक्निशियन घरी होता, तो येईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. निघतानाच फोन केला असता तर ती वाचली असती. सात चाळीसला सीटी झाला. साधा सीटी, शिरेतून काही द्यावं लागत नाही, पाच मिनिटांत संपतो. २,८०० रुपये. हातात मोठी फिल्म आणि रिपोर्टचा कागद. सीडी मागायची असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि त्यांनी दिली नाही. पुढं तुलना करताना त्याचा त्रास झाला. फिल्मवरची चित्रं बारीक असतात, कॉम्प्युटरवर उघडून मोजता येत नाहीत. पहिल्याच स्कॅनची सीडी मागून घ्या, कारण नंतरचे सगळे स्कॅन त्याच्याशीच ताडून बघितले जातात.

मिरजेत हॉस्पिटलला साडेआठला पोचलो. न्यूरोच्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडं धरली. करड्या मेंदूत डाव्या बाजूला, खोल, पांढराशुभ्र डाग. "पांढरं दिसतंय ते ताजं रक्त. बीपीनं बारीक रक्तवाहिनी फुटली आहे." त्यांनी त्या डागाची लांबी, रुंदी आणि उंची गुणून दोननं भागली. ४ गुणिले ३ गुणिले ३, भागिले २. अठरा मिलिलिटर. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे त्या अवस्थेतही डोक्यात आलं की हे लंबगोलाचं घनफळ आहे, पाय (π) च्या सहाव्या हिश्श्याऐवजी सरळ अर्धा धरलाय. अठरा मिलिलिटर म्हणजे साडेतीन चमचे. एवढ्याशा रक्तानं माणूस असा होतो?

आयसीयूत घेतलं. बीपी इंजेक्शनानं हळूहळू १४० पर्यंत आणायचं, पण १३० च्या खाली जाऊ द्यायचं नाही, दर तासाला शुद्ध आणि डोळ्यांच्या बाहुल्या तपासायच्या, असं सांगितलं. शुद्धीला आकडा असतो, जीसीएस. डोळे उघडणं, बोलणं, हालचाल, यांची बेरीज. पूर्ण शुद्धीत पंधरा. आबा चौदा होते. "पुढचा सीटी दीड वाजता," डॉक्टर म्हणाले आणि आत गेले.

आता जे सांगणार आहे त्यासाठीच मुख्यतः हे लिहायला बसले.

सव्वा वाजता सिस्टर संमतीचा कागद घेऊन आल्या. तोवर गावाकडनं तात्या, म्हणजे माझे चुलते, आले होते. "सकाळी तर काढला की सीटी! सहा तासात काय बदलतंय? पैसे काढायला लागल्यात ह्यांनी." खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. दादा पुण्याहून निघाला होता, वाटेत होता. मी सिस्टरना म्हणाले, भाऊ येईपर्यंत थांबू या का? कागद माझ्याकडंच राहिला. दोन वाजून पाच मिनिटांनी डॉक्टर स्वतः बाहेर आले. आबांचा आकडा चौदावरून बारावर आला होता. मी सही केली. दोन पंचवीसला दुसरा सीटी झाला. डाग एकोणतीस मिलिलिटर झाला होता. शिवाय मेंदूच्या मधल्या पाण्याच्या कप्प्यात थोडं रक्त उतरलं होतं आणि मेंदूची मधली रेघ चार मिलिमीटर उजवीकडं सरकली होती.

त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला नीट समजावून सांगितलं. फुटलेली रक्तवाहिनी लगेच बंद होतेच असं नाही. पहिल्या काही तासांत रक्त वाढत राहू शकतं आणि हा धोका पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. आबांचा पहिला सीटी पडल्यापासून दोन तासांत झालेला, म्हणजे त्यात दिसलेला डाग ही सुरुवातही असू शकत होती. पेशंट किती लवकर आला त्यावर पुढचा सीटी किती महत्त्वाचा हे ठरतं. शेवटचं ठणठणीत कधी बघितलं, या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा लागला. दुसऱ्या सीटीनंतर आबांची देखरेख बदलली. बीपी दर पंधरा मिनिटांनी, सूज उतरवायचं औषध सुरू, आणि मेंदूचे सर्जन येऊन बघून गेले. इतक्या खोल जागच्या, एवढ्या रक्ताला लगेच उघडण्यात फायदा दिसत नाही, पण कप्प्यात पाणी तुंबलं तर नळी घालावी लागेल, म्हणाले.

ती पन्नास मिनिटं वाया गेली नसती तर काही फरक पडला असता का, असं मी नंतर डॉक्टरांना विचारलं. औषधं चालूच होती, बहुतेक नाही, म्हणाले. तरी रात्री झोपताना मला तो कागद आठवतो.

त्या रात्री आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर मी मोबाईलवर वाचत बसले. माणसाच्या डोक्याचा पहिला सीटी लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी झाला. ते यंत्र बनवणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांना १९७९ चं नोबेल मिळालं. आबा १९७१ ला चौदा वर्षांचे होते. म्हणजे त्यांच्या शाळेच्या वयात जगात कुणाच्याही डोक्यातलं रक्त असं थेट बघायची सोय नव्हती. पाठीतून पाणी काढून किंवा रक्तवाहिनीत औषध सोडून अंदाज बांधायचे. हे वाचून मला का कोण जाणे धीर आला.

रविवारी सकाळी आठला तिसरा सीटी. या वेळी मी कागद हातात घेऊन एवढंच विचारलं, "डॉक्टर, हा कशासाठी?" ते म्हणाले, "रक्त थांबलंय का, एवढंच बघायचंय. थांबलं असेल तर पायात गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपारिनचं इंजेक्शन थोड्या डोसमध्ये सुरू करता येईल. थांबलं नसेल तर ते इंजेक्शन घातक." एकोणतीसचं एकोणतीस. मधली रेघ तिथंच. पायाला हवेनं दाबणारं मशीन पहिल्या दिवसापासून लावलेलं होतं, इंजेक्शन सोमवारपासून सुरू झालं. तेव्हापासून मी वहीत दर फोटोपुढं दोन ओळी लिहायला लागले, हा कशासाठी आणि यावरून काय ठरलं.

याच दिवसांत कागदांचंही चाललं होतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि योजनेतल्या हॉस्पिटलात त्यासाठी आरोग्यमित्र बसलेले असतात. आमचे आरोग्यमित्र चांगले होते, शनिवारीच फोनवरून तातडीची नोंद करून दिली. पण रेशनकार्डावर आबांच्या नावातलं एक अक्षर आधारपेक्षा वेगळं निघालं आणि तहसील कार्यालय शनिवार-रविवार बंद. सोमवारी दादा दहाला तासगावच्या पुरवठा शाखेत उभा राहिला. अर्ज, दोन्ही कार्डांच्या झेरॉक्स, आबांच्या शाळेच्या दाखल्याची प्रत. टेबलावरचे साहेब मीटिंगला गेलेले, दीड वाजता आले, साडेतीनला दुरुस्तीचा कागद मिळाला. मंजुरीच्या अर्जाला सीटीची फिल्म आणि रिपोर्टही जोडावा लागतो. मूळ फिल्म देऊ नका, फोटो काढून किंवा सीडीवरून द्या. आमची पहिली मूळ फिल्म एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरत राहिली आणि मंगळवारी नेमकी लागली तेव्हा सापडायला पाऊण तास गेला. बुधवारी मंजुरी आली. बाहेर काढलेल्या पहिल्या सीटीचे पैसे त्यात धरले नाहीत. शनिवार ते बुधवार आम्ही भरलेली ४१,००० ची अनामत नंतर परत मिळाली, पण पावत्या होत्या म्हणून. एकही पावती टाकू नका, औषधाच्या दुकानातली सुद्धा.

मंगळवारी, १४ तारखेला, संक्रांत. आयसीयूबाहेर निम्मी माणसं कन्नड बोलणारी, अथणीकडची, विजापूरकडची. मिरजेला हे नवं नाही, सीमेपलीकडची माणसं इथं पिढ्यान्‌पिढ्या उपचाराला येतात. समोरच्या बाकड्यावरच्या एका आजींनी आईच्या तळहातावर तिळगूळ ठेवला. त्यांचा नातू आत होता. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आई चार दिवसांनी त्या वेळी पहिल्यांदा रडली.

आणि त्याच दुपारी आबा परत सुस्त झाले. हाक मारली की डोळे उघडायचे, लगेच मिटायचे. सिस्टर बाहेर आल्या, त्यांनी काही बोलायच्या आत मी सही करायला हात पुढं केला. चौथा सीटी. प्रश्न होता, कप्प्यात पाणी तुंबतंय का? तुंबलं असेल तर कवटीला छिद्र पाडून नळी. तासभर आम्ही कुणी बोललो नाही. तुंबलं नव्हतं. डागाभोवतीची सूज थोडी वाढलेली, ती पहिल्या आठवडाभरात वाढतेच म्हणाले. तेवढ्यात रक्ताचे रिपोर्ट आले, सोडियम १२२. सुस्ती त्याची होती. दोन दिवसांत सोडियम हळूहळू वर आणलं आणि गुरुवारी आबांनी मला बघून भुवई उडवली. त्यांची जुनी सवय.

तात्या म्हणाले, म्हणजे सीटी फुकटच गेला. मला तसं वाटलं नाही. त्या फोटोत काही निघालं नाही म्हणून आबांच्या डोक्याला छिद्र पडलं नाही.

चार दिवसांत चार सीटी म्हटल्यावर किरणांची भीती मलाही होती. विचारलं. डोक्याच्या एका सीटीत साधारण दोन मिलिसिव्हर्ट किरण जातात, आणि माणसाला जमिनीतून, आकाशातून, खाण्यातून वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. सदुसष्ट वर्षांच्या माणसाच्या डोक्यात रक्त वाढत असताना हा हिशेब सरळ आहे, असं डॉक्टर म्हणाले. मला पटलं. मी आणखी एक विचारलं होतं, रंगाचं औषध सोडून रक्तवाहिन्यांचा सीटी का नाही करत? शेजारच्या पेशंटचा केला होता. त्या बाई चाळिशीच्या, बीपी नसलेल्या, रक्त मेंदूच्या वरच्या भागात. तिथं रक्तवाहिनीला आलेला फुगा किंवा रक्तवाहिन्यांचा गुंता शोधावा लागतो. आबांचं वय, बीपी आणि जागा तिन्ही एकाच कारणाकडं बोट दाखवत होत्या. दुसऱ्याच्या पेशंटला जे केलं ते आपल्याला का नाही, हा प्रश्न विचारायला लाजू नका. उत्तर मिळालं की रात्रीची झोप लागते.

त्यानंतरचे दिवस लवकर सरले. १८ ला वॉर्डात आलो. नाकातली नळी २२ ला निघाली, त्याआधी पाण्याचा एकेक चमचा देऊन गिळता येतंय का ते तपासलं. ठसका लागणाऱ्या पेशंटला घरच्यांनी प्रेमानं चहा पाजू नये, यावर तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाई फार कडक होत्या आणि त्यांचं बरोबर होतं. २५ ला पाचवा सीटी, घरी सोडण्यापूर्वीचा. आता तो डाग तेवढा पांढरा राहिला नव्हता. कडेनं करडा होत चाललेला, पाण्यात गुळाचा खडा विरघळतो तसा. मधली रेघ जवळजवळ जागेवर. रक्त विरघळलं म्हणजे हात लगेच चालू होईल असं नाही, हेही त्याच वेळी सांगितलं. फोटो सुधारतो पुढं, माणूस मागून येतो. हे आधी सांगितलं नसतं तर फेब्रुवारी महिना आम्हाला फार जड गेला असता, कारण उजवा हात तेव्हा बोटभरही हलत नव्हता.

२७ जानेवारीला घरी. बाग दादानं आहे त्या दराला व्यापाऱ्याला दिली. आबांना ते मार्चमध्ये सांगितलं.

ॲस्पिरिन बंदच होती आणि तीच आता काळजी झाली होती. हृदयाच्या रक्तवाहिनीत अँजिओप्लास्टीची जाळी, म्हणजे स्टेंट, गोळी बंद ठेवली तर तिकडं धोका, सुरू केली तर डोक्यात. त्यासाठी तीन महिन्यांनी एमआरआय करायचं ठरलं. रक्त विरघळल्यावर मागं दुसरं काही लपलेलं दिसतं का ते बघायचं, आणि एमआरआयमध्ये एक वेगळा क्रम असतो ज्यात जुन्या रक्तस्रावाचे अगदी बारीक ठिपकेही काळे दिसतात. ते किती आणि कुठं आहेत यावर गोळीचा निर्णय. खोलवर असतील तर बीपीचे, मेंदूच्या पृष्ठभागाजवळ विखुरलेले असतील तर रक्तवाहिन्यांचा वेगळा आजार, त्यात पुन्हा रक्तस्राव व्हायची भीती जास्त.

१७ एप्रिलला सांगलीत एमआरआय. सकाळी नऊची वेळ, नंबर लागला साडेअकराला. ७,५०० रुपये, हे खिशातून. टेक्निशियननं विचारलं, स्टेंटचं कार्ड? ते घरी कपाटात. हल्लीचे बहुतेक स्टेंट एमआरआयला चालतात, पण कुठला ते कागदावर दाखवावं लागतं. आईनं २०२१ ची डिस्चार्ज फाईल उघडून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तेव्हा आत घेतलं. तुमच्या माणसाच्या अंगात स्टेंट, प्लेट, पेसमेकर काहीही असेल तर तो कागद आदल्या दिवशी पिशवीत टाका. आणि आबांचा चांदीचा करदोटा. तीस-चाळीस वर्षं कमरेला असलेला, काढायला ते तयार नव्हते. शेवटी आईनं तो सोडून आपल्या पदराला बांधला, मग आत गेले.

एमआरआयला जवळजवळ पस्तीस मिनिटं हलायचं नसतं आणि आत हातोड्यांसारखा आवाज येतो. आबांना तेव्हा दोन-तीन शब्दच नीट येत होते. त्रास झाला तर दाबायला रबरी बॉल देतात, तो टेक्निशियन सवयीनं उजव्या हातात ठेवत होता. मी डाव्या हातात द्यायला लावला. हे नक्की बघा. लुळ्या हातातल्या बॉलचा काही उपयोग नाही.

रिपोर्ट संध्याकाळी मिळाला. डागाच्या जागी बारीक फट उरली होती, तिच्या कडेला जुन्या रक्ताची काळी किनार. मागं गाठ नाही, रक्तवाहिन्यांचा गुंता नाही. बारीक काळे ठिपके दोन, दोन्ही खोलवर. न्यूरोच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी फोनवर बोलून ठरवलं आणि २१ एप्रिलपासून ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन परत सुरू झाली, बीपी सतत १३० च्या खाली ठेवण्याच्या अटीवर.

सहाही फोटो आता एका कापडी पिशवीत, कपाटाच्या मागं, उन्हापासून लांब. चार सीडींची कॉपी पेनड्राईव्हवर केली, कारण एक सीडी एप्रिलमध्येच उघडेनाशी झाली होती. पिशवीत माझी वही आहे, तारीख आणि दोन ओळी लिहिलेली. मिरजेच्या डॉक्टरांनी शेवटच्या भेटीत फाईल बाजूला ठेवून आधी तीच वाचली.

बीपीची वही वेगळी, ती आबांच्या उशाशी. मशीन आई लावते. आकडा मात्र आबा लिहितात, डाव्या हातानं, वेळ लागतो. आज सकाळचा १२४/७८. त्यातला ७ उलटा पडलाय, पण वाचता येतो.